रुक्माच्या घरचं विरजण

रुक्मा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यासाठीच दूध तापवत उभी होते. तिच्यासाठी म्हणजे तिच्या विरजणासाठी. त्रिचीच्या इस्पितळात जाण्याआधी तिनं आपलं दह्याचं दगडी भांडं माझ्या ओट्यावर आणवून ठेवलं होतं आणि बजावलं होतं, "गोदा, मी येईतोवर रोज लाव. मोडू देऊ नको." आणि मग तिच्या भाच्याचा फोन. "मावशी, आत्या गेली," एवढंच बोलला... मी तंजावूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी काढली. दुसऱ्यांच्या मरणाचे कॉल इतके जोडले की त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. त्या दिवशी मात्र रिसीव्हर हातात धरून मी नुसती उभी राहिले. दूध उतू गेलं, शेगडी विझली, घरभर करपट वास सुटला. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर रुक्माला एक सणसणीत शिवी हासडली. जायचं वय होतं का तिचं? लहानपणापासून हृदयाची झडप अधू, हे मान्य. पण त्या झडपेसकट ती मोपेडवरून कावेरीच्या सगळ्या कालव्यांच्या काठानं फिरली होती. जायचंच होतं तर आपलं येणं वसूल करून तरी जायचं होतंस, बये.

येणं म्हणजे पैशाचं नव्हे. तेच सांगायला बसले आहे.

आठवड्यानं तिच्या कॉलेजात शोकसभा झाली. फोटोला मोगऱ्याचा हार, समोर समई, पंख्याखालच्या खुर्च्यांवर मॅनेजमेंटची माणसं. प्रमुख पाहुणे बंगळूरहून आलेले डॉक्टर माधव. आमचाच माधव हो, पलीकडच्या गल्लीतल्या तारामामींचा मुलगा. रुक्मापेक्षा वयानं लहान, तिला अक्का म्हणत मोठा झालेला. तो माइकसमोर उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला की रुक्माक्कांसारखी निःस्वार्थी शास्त्रज्ञ त्यानं पाहिली नाही, जे जवळ होतं ते सगळं त्यांनी जगाला देऊन टाकलं. लोकांनी डोळे टिपले. त्यानंही टिपले! माझ्या अंगाचा असा भडका उडाला म्हणता. मी उठले, मला दोन शब्द बोलायचे आहेत म्हणाले. प्राचार्यांनी हात जोडून सांगितलं, वेळ झाली, आता कॉफी आहे. कॉफी आहे म्हणे! मी कॉफी न घेता घरी आले.

तिथं बोलू दिलं नाही म्हणून इथं लिहिते. आमच्या तंजावूरकर मराठी माणसांतल्या फार थोड्यांना देवनागरी वाचता येते. घरात मराठी, शाळेत तमिळ, कचेरीत इंग्रजी, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची विभागणी. माझी आई मिरजेची, तिनं पाटीवर अक्षरं गिरवून घेतली म्हणून मला येते. रुक्माला येत नसे. माधवलाही येत नाही. म्हणजे ज्याला हे झोंबायला हवं तो हे वाचणारच नाही. असू दे. तुम्ही तरी वाचा.

राजवाड्याच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. सहा-सात मराठी घरं, मधूनमधून तमिळ घरं, आणि सगळ्यांचा उंबऱ्यावर राबता. रुक्माची आई वेणूमामी. तिच्या हातचं दही अख्ख्या गल्लीत नावाजलेलं. घट्ट, गोड, सुरीनं कापावं असं. ते लागायचं कल्चट्टीत, म्हणजे आमच्याकडे काळसर मऊ दगडाचं जे भांडं असतं त्यात. विरजणाला तमिळमध्ये उरै-मोर म्हणतात. त्याचे आमच्या गल्लीत काही नियम होते, आणि ते नियम कोणी कोणाला शिकवत नसे, नुसते अंगात भिनलेले होते. विरजण मागायला येणाऱ्यानं भांडं लपवायचं नाही, आणि त्याला नाही म्हणायचं नाही. दिवेलागणीनंतर द्यायचं नाही. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, त्याबद्दल उपकारही मानायचे नाहीत. आणि शेवटचा नियम सगळ्यात मोठा. देणाऱ्याच्या घरचं कधी बिघडलं तर त्यानं सरळ घेणाऱ्याच्या दारात जायचं, आणि घेणाऱ्यानं हातातलं काम टाकून आधी ते परत द्यायचं. कारण ते त्याचंच असतं. आपण फक्त सांभाळलेलं असतं.

एकदा वेणूमामींकडे सुतक आलं, घर आठ-दहा दिवस बंद राहिलं, उघडून पाहतात तर कल्चट्टीत हिरवी बुरशी. मी आणि रुक्मा तेव्हा शाळेत होतो. मामी भांडं घासून, ते उघडं हातात धरून तरातरा आमच्या दारी आली आणि माझ्या आईला म्हणाली, "आमचं मोडलं. होणं." हवं म्हणायला आमच्याकडे होणं म्हणतात. माझी आई मिरजेची, तिला पहिल्यांदा हा ताठा वाटला. द्या म्हणायची पद्धत नाही, बाई नाही, माई नाही... पण तिनं दिलं. मामी गेल्यावर आईनं मला विचारलं, ही काय मागायची रीत, तेव्हा रुक्माच तिथं उभी होती. ती फ्रॉकातली पोर गंभीरपणे माझ्या आईला म्हणाली, "मामी, तें आमचंच की!" आई पोट धरून हसली होती.

हाच मुलखाचा शहाणपणा पुढे रुक्माला नडला. कारण तिला वाटलं, सगळं जग आमच्या गल्लीएवढंच आहे.

रुक्मा शिकली मद्रासला, वनस्पतिशास्त्र आणि मग जीवरसायन. परदेशी जायची संधी होती, वेणूमामींच्या दुखण्यापायी गेली नाही. इथल्याच कॉलेजात शिकवायला लागली. मध्ये रजा काढून बंगळूरच्या एका मोठ्या संस्थेत राहून आली आणि येताना एक कुपी घेऊन आली. तिच्या भाषेत सांगायचं तर, विरजण. त्या कुपीत काय आहे हे मी तिला कितीदा विचारलं असेल, आणि तिनं न कंटाळता कितीदा सांगितलं असेल! मी बी.ए. इतिहासवाली. पण तिनं सांगितलेलं मला आजही जसंच्या तसं सांगता येतं.

आपल्याकडे लग्नाला मांडव घालतात ना, बांबूंचा, वर नारळाच्या झावळ्या. सकाळी उभा, दुसऱ्या दिवशी उतरवला, तेच बांबू पुढच्या गल्लीत. रुक्मा म्हणायची, प्रत्येक पेशीच्या आत असाच एक मांडव असतो. त्याला शास्त्रात पेशीचा सांगाडा म्हणतात, पण ते नाव तिला आवडत नसे, कारण हाडांचा सांगाडा एकदा झाला की झाला, आणि हा मांडव सारखा इकडून सोडवायचा आणि तिकडे बांधायचा. भाताचं फूल उमलतं, परागाचा कण जाऊन चिकटतो, त्यातून एक नळी निघते आणि ती वाढत वाढत खाली बीजापर्यंत पोचते. त्या नळीच्या टोकाशी हे मांडवाचं काम घाईघाईनं चाललेलं असतं. ते थांबलं तर नळी थांबली, नळी थांबली तर दाणा नाही. आणि त्या मांडवाशी एक मुकादम असतो. सुटे बांबू हाताशी धरून ठेवणारा, कोणी अवेळी बांधायला लागला तर अडवणारा, वेळ झाली की पुढे करणारा. त्या मुकादमाचं नाव प्रोफिलिन. एक प्रथिन. ते किती असलं की मांडव चढतो आणि किती असलं की उतरतो, हे रुक्माला आपल्या कावेरीकाठच्या भातात मोजायचं होतं. मक्याचं वगैरे काम परदेशात लोक करत होतेच. तिला भाताचं हवं होतं, कारण आपण भात खातो, असं ती सांगायची. यावर काय बोलणार?

आता परागातून हे प्रथिन काढायचं तर हाती येतं चिमूटभरही नाही. म्हणून तिनं बंगळूरला काय केलं, भाताच्या परागातला त्या प्रथिनाचा जीन काढून एका साध्या जिवाणूत घातला. रिकॉम्बिनंट म्हणतात ते हे. मग त्या जिवाणूला रश्श्यात सोडायचं, ऊब द्यायची, की तो वाढता वाढता आपल्या पोटात भाताचं प्रथिन करत बसतो. दुसऱ्या दिवशी जिवाणू फोडायचा, तो काढा बारीक मणी भरलेल्या काचेच्या नळीतून सोडायचा. त्या मण्यांना हेच एक प्रथिन चिकटतं, बाकीचं वाहून जातं. "तू रोज दुधात घालतीस, मी रश्श्यात घालते. का फरक आहे?" ती विचारायची. काय म्हणायला आमच्याकडे का म्हणतात. फरक वासाचा होता. तिच्या त्या खोलीला कायम शिळ्या सूपाचा वास यायचा, आणि ती त्यात बसून मजेत दहीभात खायची.

एक्क्याण्णवनंतरची ती वर्षं. गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचा एस.टी.डी. बूथ आला, घराघरात केबल आली, आणि माझ्या एक्स्चेंजमध्ये आमच्या खुर्च्या जाऊन नवीन यंत्रं येणार अशी कुजबुज सुरू झाली. सगळे म्हणत होते, देश उघडला. प्रयोगशाळांसाठी परदेशी रसायनांचीही जाडजूड गुळगुळीत कॅटलॉगं पोस्टानं यायला लागली. पण मागवलेलं प्रथिन विमानतळावर कस्टम्सच्या उन्हात पडून नासायचं. मग देशभरचे संशोधक रुक्माला लिहायचे. आणि ही बाई काय करायची, तर सोडा कारखान्यातून बर्फ आणायची, थर्मासमध्ये बर्फाच्या चुऱ्यात इवल्या इवल्या नळ्या खोचायची, आणि ओळखीच्या कोणाबरोबर रात्रीच्या गाडीनं मद्रासला, हैदराबादला, कुठं कुठं पाठवून द्यायची. फुकट! थर्माससुद्धा कित्येकदा परत यायचा नाही. मी ओरडायचे, अग निदान प्रबंधात नाव तरी छापतात का तुझं? ती म्हणायची, कोणी छापतात, कोणी विसरतात. विसरतात म्हणे. जेवायला विसरतात का?

पण ऐका, इथं एक बारीक गोष्ट आहे. हे सगळे लोक मागायचे ते तयार प्रथिन. दही मागायचे. विरजण, म्हणजे तो जिवाणूच, मागायला आला फक्त एकजण.

माधव तेव्हा बंगळूरला एका संस्थेत नवा नवा लागला होता. पोंगलच्या, म्हणजे इकडच्या संक्रांतीच्या, सुट्टीत आला, रुक्माच्या घरी झोपाळ्यावर बसला, मी तिथंच कॉफी गाळत होते. म्हणाला, "अक्का, दर वेळेला तुम्हाला किती त्रास देऊ? मूळच देऊन टाका की." रुक्माला त्याचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू! इतक्या वर्षांत कोणालातरी मूळ सांभाळावंसं वाटलं. सुट्टीतसुद्धा तिनं कॉलेजचं कुलूप उघडायला लावून एका नळीत त्याला जिवाणू लावून दिला. आणि हातात देताना म्हणाली, "माधवा, आमचं मोडलं तर मागायला येईन हं." तो हसला. "अय्यो अक्का, हे का सांगायचं?" मी दोन्ही कानांनी ऐकलं. दावरा म्हणतात त्या पसरट वाटीत कॉफी वरखाली करत होते आणि ऐकत होते. तारामामींचा मुलगा तो, त्याच्या आईच्या कल्चट्टीत वेणूमामींकडचंच दही लागत आलेलं. नियम त्याला पाठ होता.

पुढं काय झालं ते सांगते. एका उन्हाळ्यात रुक्माला झडपेच्या तपासणीसाठी वेल्लूरला जाऊन राहावं लागलं. इकडे कॉलेजला सुट्टी, आणि मॅनेजमेंटमधल्या कुठल्याशा शहाण्याला विजेचं बिल वाचवायची हुक्की आली. त्यानं अख्ख्या इमारतीचा मेन स्विच बंद केला. दारावर रुक्मानं लावलेला कागद होता, तमिळमध्ये आणि इंग्रजीत, की इथला फ्रीझर बंद करू नये. कागद दारावर आणि स्विच तळमजल्यावर! मे महिन्याचं तंजावूर तुम्ही पाहिलंत का? तव्यावर बसल्यासारखं असतं. ती परत आली तेव्हा फ्रीझरमधून तपकिरी पाणी जमिनीवर येऊन वाळलं होतं. ग्लिसरीनमध्ये जपलेल्या तिच्या सगळ्या कुप्या त्या कढत पाण्यात. तिनं एकेक घेऊन रश्श्यात लावून पाहिली. काही उगवलं नाही. त्यातला जीन तरी वाचवता येतो का, याचीही खटपट केली, तोही हाती लागला नाही. मॅनेजमेंटनं काय म्हणावं? मॅडम, फ्रीझर नवीन घेऊन देऊ की! फ्रीझर! वासराला ठार करून दावं नवीन देतो म्हणण्यातली गत.

मी रडले, रुक्मा नाही रडली. तिला खरंच काही वाटलं नव्हतं, कारण तिच्या हिशेबी काही बुडालंच नव्हतं. "माधवाकडे आहे की," म्हणाली. माझ्या घरून तिनं त्याला बंगळूरला फोन लावला. मी समोर बसले होते. ती उभ्या उभ्या, अगदी वेणूमामीच्या ठेक्यात बोलली, "माधवा, आमचं मोडलं. होणं." मग ऐकत राहिली. बराच वेळ ऐकत राहिली. तिचा चेहरा मला आठवतो... ओळखीच्या दाराची कडी वाजवावी आणि आतून परक्या माणसानं कोण आहे विचारावं तसा झाला होता. मग म्हणाली, "सरी, बरं. ठेवते," आणि रिसीव्हर ठेवला.

झालं होतं असं, की माधवनं दरम्यान संस्था सोडली होती. उदारीकरणाच्या भरात प्रयोगशाळांना लागणारी प्रथिनं विकणारी एक नवी कंपनी निघाली होती, तिथं तो मोठ्या हुद्द्यावर गेला होता, आणि जाताना रुक्माचं विरजण बरोबर घेऊन गेला होता. तिच्या जिवाणूतून निघालेलं प्रथिन आता बाटलीत भरून विकायला होतं. त्यानं फोनवर सांगितलं, अक्का, आता ते माझ्या हातात राहिलेलं नाही, कंपनीची मालमत्ता आहे, मूळ बाहेर देता येत नाही. पण तुम्हाला तयार प्रथिन सवलतीत मिळेल असं मी बघतो.

सवलतीत! तिचंच दही तिला सवलतीत!

काही दिवसांनी ते कॅटलॉगही आलं. गुळगुळीत, रंगीत. भाताच्या लोंबीचं चित्र, खाली प्रथिनाचं नाव, डॉलरात आणि रुपयांत किंमत. रुक्माचं नाव कुठंही नव्हतं. मी थयथयाट केला. म्हटलं वकील गाठू, पेपरात देऊ, तारामामींच्या दारात जाऊन बोंब मारू. खाल्ल्या घरचे वासे मोजतो मेला! रुक्मा म्हणाली, "मामींना का म्हणून? त्यांनी का केलं?" आणि मग जे म्हणाली त्याचा मला त्याच्यापेक्षाही जास्त राग आला. म्हणाली, "गोदा, त्यानं दिलं नाही म्हणून माझं देणं चुकलं असं होत नाही. पद्धत बरोबरच आहे. माणूस चुकला." मी म्हटलं, मग त्या माणसाला सांग की! तोंड नाही तुला? तिनं कॅटलॉग मिटून रद्दीवर ठेवलं. भिडेखातर स्वतःचं घर धुऊन द्यायची ही आमच्यातली जुनी खोड. आम्ही पोरीबाळींना सगळे नियम शिकवतो, पण नियम मोडणाऱ्याच्या मुस्काटात कशी मारायची ते शिकवत नाही. रुक्मा, तुझ्यावरचाही राग गेलेला नाही माझा. मेलीस म्हणून सुटलीस असं समजू नकोस.

ती बंगळूरला आपल्या जुन्या संस्थेत परत जाऊन पहिल्यापासून सगळं करायचं म्हणत होती. पण तिथं आता जागा मिळेना, आणि झडप तिला जाऊ देईना. मग तिनं ते वेड काढलं. थेट परागातूनच प्रथिन काढायचं. चिमूटभर तर चिमूटभर. मार्गळी, म्हणजे मार्गशीर्ष-पौषातला तमिळ महिना लागला, सांबा हंगामाचा हिवाळी भात फुलोऱ्यावर आला, की ही सकाळी मोपेड काढून कालव्याकाठच्या शेतांत जायची. भाताचं फूल सकाळी ऊन जरा तापलं की उघडतं आणि थोड्या वेळात मिटतं, आणि पराग तर त्याहूनही लवकर मरतो. तेवढ्या वेळात ही लोंब्यांवर बटर पेपरच्या पिशव्या चढवून हलक्या हातानं झटकायची. दुसऱ्या वर्षी मी रजा काढून बरोबर गेले. बांधावर बसून तिला शिव्या देत होते आणि पिशव्या धरत होते. शेतातल्या बायका हसायच्या. एवढा खटाटोप करून एका मोसमात नळीच्या तळाशी दिसेल न दिसेल इतकं प्रथिन जमलं. ती नळी उजेडाकडे धरून मला दाखवली. मला त्यात काहीच दिसलं नाही. पण तिचं तोंड असं फुललं होतं की मी दिसतंय म्हटलं.

या मार्गळीत भात फुलला तेव्हा ती त्रिचीत इस्पितळात होती. कॉलेजनं तिची खोली तेराव्याच्या आतच रिकामी केली. आता तिथं कॉम्प्युटरचे वर्ग भरणार आहेत. फ्रीजमधल्या नळ्यांचं काय केलंत, मी विचारायला गेले. शिपाई म्हणाला, "अस्क टाकून दिलं, अम्मा." अस्क म्हणजे सगळं. तो बिचारा आमच्यातलाच, हुकमाचा ताबेदार. त्याच्यावर काय ओरडणार?

तेराव्याला तारामामी आल्या. ऐंशीच्या घरातली बाई, कंबरेत वाकलेली, गल्ली ओलांडून चालत आली होती, हातात उघडी वाटी. म्हणाल्या, "गोदा, रुक्माचं घर बंद पडलं. विरजण तरी दोन घरी राहू दे. आमचं नुस्तं पाण्यासारखं होतं हल्ली." खरं सांगते, क्षणभर माझ्या जिभेवर नाही आलं होतं. तुमच्या पोरानं काय केलं ते माहीत आहे का, असं विचारणार होते. पण त्यांनी वाटी लपवली नव्हती, आणि ऊन अजून उतरलं नव्हतं. मी दिलं.

मग पोंगलला माधव आला. त्याची लांबलचक नवी गाडी गल्लीत शिरेना, ती राजवाड्याच्या भिंतीला लावून ठेवलेली मी पाहिली. आणि माझ्या डोक्यात जे आलं ते मी केलं. माझ्या ओट्यावर रुक्माची कल्चट्टी दह्यानं भरलेली होती, छान लागलं होतं, तसूभरही बिघडलेलं नव्हतं. मी तिच्यावर झाकण घातलं, एक रिकामी वाटी घेतली, आणि ती उघडी हातात धरून, सगळ्या गल्लीला दिसेल अशी, तारामामींच्या घरी गेले. माधव झोपाळ्यावर पेपर वाचत बसला होता. "या या, गोदाक्का," म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मामी आत भाजी निवडत होत्या, त्यांना म्हणाले, "मामी, आमचं मोडलं. होणं."

खोटं बोलले. बोलले तर बोलले.

मामींनी का विचारलं नाही, कसं विचारलं नाही. हातातली भाजी खाली ठेवली. उठायला गेल्या, गुडघा साथ देईना, तर आतूनच ओरडल्या, "माधवा, ऊठ रे! गोदाला विरजण दे. आधी दे, मग पेपर वाच. त्यांचंच आहे तें."

झोपाळ्याच्या कड्या करकरल्या. तो उठला नाही लगेच. पेपर गुडघ्यावर तसाच. मी दारात वाटी पुढे करून उभी. "ऐकू येत नाही का? त्यांचंच आहे म्हणते," मामी परत म्हणाल्या, आता जरा चिडून, जसं लहानपणी चिडायच्या तसं. तेव्हा तो उठला. आत गेला, कल्चट्टीवरचं झाकण काढलं, डाव बुडवला आणि माझ्या वाटीत दही घातलं. मला त्याच्याशी बोलायचं नव्हतंच. तरी बोलले. म्हटलं, "रुक्मानं फोनवर एवढंच मागितलं होतं."

त्यानं डाव हातात धरून काहीतरी सुरू केलं, कंपनी, करार, असं काहीसं, अर्धं इंग्रजीत. मामी मधेच म्हणाल्या, "का फोन? रुक्मानं का मागितलं होतं रे?" त्यानं डाव परत कल्चट्टीत ठेवला. मी तिथं थांबले नाही. त्याच्या आईला उत्तर त्यानंच द्यायचं आहे, आणि पोंगलची सुट्टी चांगली चार दिवस असते.

घरी येऊन ती वाटी मी रुक्माच्या कल्चट्टीत ओतली. एकाच घरचं ते, मिसळून गेलं. संध्याकाळ व्हायच्या आत दूध कोमट करून, करंगळी बुडवून पाहून, त्यातलं चमचाभर लावलं आणि झाकून ठेवलं. सकाळी घट्ट लागलेलं होतं.